चांगला कॅमेरा घेऊ का? आधी ट्यूबलाईट बंद करून बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तुम्ही म्हणताय की चित्रकला कधी जमली नाही पण हात काहीतरी करायला शिवशिवतात, हाताशी मोबाईल आहे, घरात गाळणी, चमचे, काचेच्या बाटल्या, कागद असं सामान आहे, त्यातून काहीतरी कलात्मक करावं म्हणून महिनाभर फोटो काढले आणि सगळे फोटो "विकायला काढलेल्या सामानासारखे" दिसतायत. आणि शेवटी विचारलंय की चांगला कॅमेरा घेतला तर फरक पडेल का, की मुळात मला नजरच नाही.

नजर आहे. ज्याला नजर नसते त्याला आपला फोटो सामानासारखा दिसतोय हे कळत नाही, तो खूश असतो. तुम्हाला खटकतंय म्हणजे डोळा बरोबर चाललाय, हाताला अजून सवय नाही एवढंच. मी चौदा वर्षं टेबलावर मावतील एवढ्याच वस्तूंचे फोटो काढतेय, थोडे कामाचे, बरेचसे स्वतःच्या आनंदाचे, आणि बरीच वर्षं शिकवतेही, तर ही तक्रार मी इतक्यांदा ऐकलीय की माझ्या मते तिचं कारण जवळपास नेहमी एकच असतं. तुम्ही वस्तूचा फोटो काढताय. वस्तू नीट दिसावी म्हणून ट्यूब लावताय, मधोमध ठेवताय, वरून क्लिक करताय, आणि मग ती नीट दिसते. सामान विकायचं असेल तर हेच पाहिजे, सगळं दिसलं पाहिजे, दांडा केवढा, भोकं केवढी. पण तुम्हाला गाळणी विकायची नाहीये. तुम्हाला त्या गाळणीवर उजेड काय करतो ते दाखवायचंय, आणि त्यासाठी गाळणीचा अर्धा भाग दिसलाच नाही तरी चालतं, बऱ्याचदा तेच बरं असतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमच्या खिडकीत थेट ऊन येतं की नुसता आभाळाचा उजेड येतो, त्यावर तुम्ही कसली चित्रं कराल ते ठरेल. थेट उन्हाच्या खिडकीत सावल्यांचे खेळ होतात, कवडसे मिळतात, पण ते वीस-पंचवीस मिनिटांत सरकून जातात. ऊन न येणाऱ्या खिडकीत उजेड मऊ असतो आणि तासन्तास जवळपास तसाच राहतो, त्यामुळे शिकायला ती जास्त सोयीची. रात्रीच मोकळा वेळ मिळत असेल तर एका टेबललॅम्पवर सगळं करता येतं, फक्त पद्धत थोडी बदलते. आणि तुम्हाला शेवटी काय हवंय, फोनमधली चित्रं की भिंतीवर लावायचे मोठे प्रिंट, हेही तुम्ही लिहिलं नाहीये, कॅमेऱ्याचं उत्तर त्यावर आहे, त्याकडे शेवटी येते.

पहिलं काम एकच सांगते, बाकी काही नाही केलं तरी हे करा. एक साधा ए-फोर कागद घ्या, पंख्यासारख्या बोटभर रुंदीच्या घड्या घाला, परत सैल सोडा आणि खिडकीजवळ एका स्टुलावर उभा ठेवा. खोलीतले सगळे दिवे बंद करा. सगळे म्हणजे सगळे, पलीकडच्या खोलीतून येणारा सुद्धा. आधी खिडकीकडे पाठ करून उभे राहा म्हणजे उजेड तुमच्या पाठीमागून कागदावर पडेल. कागद पांढरा दिसेल, घड्या जेमतेम कळतील. आता कागद आणि तुम्ही अशा जागी या की खिडकी बाजूला असेल. प्रत्येक घडीची एक बाजू उजळेल, दुसरी काळवंडेल, कागदाला एकदम खोली येईल, आणि जरा जवळून बघितलं तर घडीच्या कडेवर कागदाचे तंतू उठून दिसतील, जे मघाशी नव्हतेच. आणखी फिरा, आता खिडकी कागदाच्या मागे आहे. आता घड्या जिथे एकावर एक येतात तिथे गडद, जिथे एकच पदर आहे तिथे उजेड आरपार येतोय, कागद आतून पेटल्यासारखा. वस्तू तीच, खिडकी तीच, वेळ तीच आणि तीन वेगळी चित्रं. खिडकी हलवता येत नाही म्हणून स्टूल फिरवायचं, एवढंच तंत्र. मी शिकवताना पहिले दोन तास याशिवाय काही करू देत नाही आणि लोक कंटाळत नाहीत, उलट थांबायला तयार नसतात.

ट्यूब बंद का करायची ते नीट समजून घ्या कारण तुमच्या फोटोंचा निम्मा आजार तिथे आहे. एक म्हणजे छतावरचा दिवा वरून सगळीकडे उजेड पसरवतो, पांढऱ्या भिंतींवरून तो परत येतो आणि खिडकीने केलेली सावली पुसून टाकतो. दुसरं म्हणजे रंग. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनच्या आसपास असतो, पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विन. दोन्ही एकत्र लागले की वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि हे नंतर एडिटिंगमध्ये नीट सुटत नाही, एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते. एका वेळी एकच उजेड ठेवा.

मग अंतर. खिडकीला अगदी चिकटून, म्हणजे फूटभरावर वस्तू ठेवली तर तिची खिडकीकडची बाजू झगझगीत आणि पलीकडची बाजू झपकन काळी होते. तीच वस्तू खोलीच्या मध्यात नेली की दोन्ही बाजूंतला फरक कमी होतो. उघड्या बल्बला तर हिशोबच आहे, अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश होतो. त्यामुळे नाट्य हवं असेल तर जवळ, शांतपणा हवा असेल तर लांब. आणि सावलीची कड धारदार की मऊ हे उजेडाचा उगम वस्तूच्या मानाने केवढा दिसतो त्यावर ठरतं. उघडा बल्ब लहान, म्हणून सावली धारदार. त्याच बल्बपुढे पांढरी चादर ताणली की चादरच उजेडाचा उगम होते, सावली मऊ पडते. चादर बल्बला टेकवू नका, तापते. खिडकीवर बटर पेपर चिकटवला तरी तोच परिणाम.

पांढरा पुठ्ठा वस्तूच्या काळ्या बाजूला धरला की उजेड परत येतो हे बहुतेकांना माहीत असतं. काळा पुठ्ठा धरायचा हे फार कमी जण करतात आणि मला विचाराल तर घरात काम करणाऱ्यासाठी तीच वस्तू सगळ्यात उपयोगी. घराच्या भिंती उजळ असतात, त्या न विचारता उजेड परत देत राहतात, त्यामुळे सावलीची बाजू कधी खरी काळी होतच नाही. तिथे काळा पुठ्ठा, काळी ओढणी, काहीही काळं उभं केलं की ती बाजू खोल जाते आणि आकार उचलून येतो. काचेच्या बाटल्यांना तर हे हवंच. काचेचा फोटो काढताना काचेवर उजेड टाकायचाच नसतो. बाटलीच्या मागे उजळ खिडकी ठेवा आणि दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळे पुठ्ठे उभे करा, बाटलीच्या कडांना पेनाने काढल्यासारखी काळी रेघ येईल. उलट हवं असेल तर बाटलीच्या बरोब्बर मागे काळा पुठ्ठा लावा, तो एवढाच मोठा की फोटोत फक्त काळं दिसेल पण त्याच्या चारी बाजूंनी मागचा उजेड येत राहील, मग काळ्यावर उजळ कडा. दोन्ही करून बघा, अर्धा तास लागतो, पण तुमच्या बाटल्या आधी अशा दिसल्या नसतील.

फोनबद्दल. फोन वाईट नाही पण तो तुमच्या मनाविरुद्ध मदत करतो. त्याला शिकवलंय की फोटोत काळोख राहिला तर चूक, म्हणून तो सावल्या उचलतो, आणि तुम्ही मेहनतीने केलेली काळी बाजू राखाडी होते. उपाय सोपा, ज्या जागेवर फोकस हवा तिथे बोट दाबून धरा, लॉक होऊ द्या, आणि मग बोट खाली सरकवून उजेड कमी करा, तुम्हाला वाटेल त्याहून जास्त कमी करा. नाईट मोड बंद. पांढऱ्या कागदाच्या बाबतीत उलटं, फोन पांढऱ्याला राखाडी करू बघतो, तिथे थोडं वर सरकवा. आणि वस्तूच्या नाकाला टेकून फोटो काढू नका. फोनचा मुख्य कॅमेरा बराच रुंद बघणारा असतो, अगदी जवळ गेलं की पुढचा भाग फुगतो, मागचा आकसतो, बाटली पेरूसारखी दिसते. दोन पावलं मागे येऊन टू-एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर, काढा. आकार बिघडतो तो तुमच्या अंतरामुळे, लेन्समुळे नाही, त्यामुळे मागे सरकणं हाच इलाज. लेन्स मऊ कापडाने पुसा हेही सांगून टाकते, रोज हाताळलेल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं आणि तो धुरकटपणा लोक कॅमेऱ्याच्या नावावर खपवतात.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय महिनाभरात दीडशे वस्तूंचे फोटो काढले. मला तिथेच थांबायचंय थोडं. मीही सुरुवातीला असंच केलं, एका रविवारी घरातल्या चाळीस वस्तू काढल्या, प्रत्येकीचे दोन-दोन फोटो, संध्याकाळी बघितलं तर एकही ठेवण्यासारखा नव्हता आणि मला वाटलं वस्तूच कंटाळवाण्या आहेत. मग एक गाळणी घेऊन बसले, ठरवून, तीन आठवडे तीच. पहिले तीन दिवस गाळणीचेच फोटो आले. चौथ्या दिवशी सकाळी तिरपं ऊन भिंतीवर होतं आणि मी गाळणी हातात धरून भिंतीपासून मागेपुढे करत होते तेव्हा दिसलं की भिंतीला टेकवली की जाळीचा एकेक चौकोन सावलीत उमटतो, आणि जरा मागे ओढली की जाळी विरघळते, नुसतं एक राखाडी वर्तुळ राहतं आणि भोवती कड्याची काळी रेघ. ते इतकं सुंदर होतं की मी फोटो काढायचंच विसरले, नुसती गाळणी मागेपुढे करत राहिले आणि ऊन सरकून गेलं.

हे का होतं ते नंतर कळलं आणि कळल्यावर त्याचा उपयोग करता आला. सूर्य म्हणजे ठिपका नाही, आपल्याला तो साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्यामुळे सावलीची कड अंतराच्या साधारण ११०व्या भागाएवढी पसरते. गाळणी भिंतीपासून ११ सेंटिमीटर दूर असली की कड १ मिलिमीटर पसरली, आणि जाळीची भोकंच तेवढी असली तर जाळी गेली. ज्या कवडशाला आपण लहानपणापासून गोल बघतो तो गोल याच कारणाने असतो. फट वेडीवाकडी असली तरी ती भिंतीपासून पुरेशी लांब असेल तर भिंतीवर पडतो तो सूर्याचा आकार असतो, म्हणून तर ग्रहणात झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. किसणी घेऊन बघा, भोकं जराशी मोठी असतात, भिंतीपासून हातभर आणि आणखी लांब नेत जा, भोकांचा मूळ आकार हळूहळू नाहीसा होऊन मऊ गोल ठिपके होतात आणि एकमेकांत मिसळतात. पाच सेंटिमीटरला एक, वीसला एक, पन्नासला एक असे फोटो काढून शेजारी लावले तर ती एक मालिका झाली, आणि बघणाऱ्याला किसणी ओळखूही येणार नाही.

एकाच वस्तूपाशी बसणं हा काही माझा शोध नाही. एडवर्ड वेस्टन हा अमेरिकन फोटोग्राफर ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढत राहिला, बरेच काढले, आणि १९३० साली त्याने एक मिरची पत्र्याच्या आडव्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या वळणाने उजेड सगळीकडून मिरचीवर परत आला आणि तिचे उंचवटे माणसाच्या पाठीसारखे, खांद्यासारखे दिसायला लागले. ती 'पेपर नंबर ३०', म्हणजे मिरची क्रमांक ३०, आज फोटोग्राफीतल्या सगळ्यात ओळखीच्या चित्रांपैकी एक. एक मिरची आणि एक नरसाळं, दोन्ही स्वयंपाकघरातलं. आंद्रे केर्तेशने १९२८ साली एक काटा बशीच्या कडेवर टेकवला, त्याची सावली टेबलावर पडू दिली, बस, चित्र पूर्ण. आणि योसेफ सुदेक, प्रागचा, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस, त्याने १९४० ते १९५४ या काळात आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढले, काचेवर कधी दव, कधी पाण्याचे ओघळ, कधी बर्फ, खिडकीच्या चौकटीत कधी एक ग्लास, कधी एक फूल. शहर जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड होतं, मग तो आत राहिला आणि आत जे होतं तेच बघत राहिला. घरात बसून काय करणार असं जेव्हा मला वाटतं तेव्हा मी त्याची ती खिडकी उघडून बघते.

"आयडिया कुठून आणता" असंही तुम्ही विचारलंय. खरं सांगायचं तर आयडिया आधी येत नाही, बघता बघता येते. पण सुरुवातीला हाताशी काहीतरी प्रयोग असेल तर बरं पडतं म्हणून एक सविस्तर देते, जो घरात केल्यावर पहिल्यांदा मी ओरडलेच होते आनंदाने.

लॅपटॉपचा एलसीडी स्क्रीन घ्या, त्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण. खोली अंधारी. एक पोलराइज्ड गॉगल लागेल, साधा काळा गॉगल चालत नाही, त्यावर पोलराइज्ड लिहिलेलं असतं. गॉगलची एक काच फोनच्या लेन्सपुढे धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात आल्यावर पांढरा स्क्रीन काळाकुट्ट होईल. एलसीडीतून निघणारा उजेड एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि गॉगल ती दिशा अडवतो, म्हणून. आता स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये एखादी पारदर्शक प्लास्टिकची वस्तू आणा, कंपासपेटीतली पट्टी, सीडीचं कव्हर, वापरून फेकायचा चमचा. काळ्यावर इंद्रधनुष्य उमटेल. साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये जो ताण राहून गेला तो तुम्हाला रंगात दिसतोय, चमच्याच्या मानेपाशी रंगांच्या रेघा दाटतात कारण ताण तिथे जास्त असतो, आणि मान जराशी वाकवली तर रंग तुमच्या डोळ्यांदेखत सरकतात.

याच्याही पुढे जायचं तर जुन्या फोटोफ्रेमची काच काढा, कडा टेप लावून सुरक्षित करा, आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे वेगवेगळ्या कोनांत एकावर एक चिकटवत जा. साध्या डोळ्यांना काचेवर काही नाही, नुसती टेप. गॉगलमधून बघितलं की प्रत्येक थराला वेगळा रंग, एका थरावर दुसरा आला की रंग बदलला, कोन बदलला की पुन्हा वेगळं. सगळ्या ब्रँडच्या टेपला सारखे रंग येत नाहीत, दुधट दिसणाऱ्या टेपला बऱ्याचदा येतच नाहीत, म्हणून आधी एक तुकडा तपासा. गॉगल ९० अंशांत फिरवला तर काळी पार्श्वभूमी पांढरी होते आणि सगळे रंग उलटे पडतात, त्यामुळे एका काचेतून दोन चित्रं. दोन चुका सगळे करतात. काच स्क्रीनला टेकवतात, मग फोकस स्क्रीनवर जातो आणि बारीक ठिपके दिसतात, काच पंधरा-वीस सेंटिमीटर पुढे ठेवा. आणि उजेड मऊ करायला मध्ये बटर पेपर लावतात, तो लावला की सगळी जादू जाते कारण तो उजेडाची दिशा विस्कटून टाकतो. चित्रकला जमत नाही म्हणताय ना, टेपचे तुकडे कापून चिकटवणं तर जमेल, मी यातून झाडं, डोंगर, चेहरे केलेले लोक बघितलेत.

कॅमेऱ्याशिवायचा एक प्रकारही थोडक्यात सांगते कारण तोही फोटोग्राफीच आहे. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ साली सायनोटाईप, म्हणजे उन्हाने निळा ठसा उमटवायची पद्धत, शोधला आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने त्या पद्धतीने समुद्री शेवाळांचे निळे ठसे काढायला घेतले, शेवाळ थेट कागदावर ठेवून, कॅमेरा नाहीच. सायनोटाईपची रसायनं मागवावी लागतात, पण हळदीवर तसलंच काम होतं. हळद स्पिरिटमध्ये ढवळून कापडातून गाळायची, विस्तवाजवळ नाही हं, स्पिरिट पेटतं. तो रंग जाड कागदावर ब्रशने लावून अंधारात वाळवायचा, वर पान, लेस, चावी जे हवं ते ठेवून काचेने दाबायचं आणि कडक उन्हात काही तास. ऊन लागलेला पिवळा उडतो, वस्तूखालचा राहतो. टाकणखाराच्या पाण्यातून काढलं की राहिलेला रंग तांबूस तपकिरी होतो. हे चित्र पक्कं होत नाही, उजेडात विरत जातं, म्हणून झालं की लगेच त्याचा फोटो काढून ठेवा.

यावरून आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. वस्तू मांडून काही चित्र करायचं असेल, म्हणजे टेबलावर बटणं, धागे, पानं मांडून काही आकार, तर आधी फोन पक्का बांधा आणि मग मांडणी करा. आपण उलटं करतो, टेबलावर छान मांडतो आणि मग फोन घेऊन कुठून बरं दिसतंय ते शोधत फिरतो. टेबलावर जे छान दिसतं ते दोन डोळ्यांना दिसतं, हलत्या डोक्याला दिसतं. फोटोला एकच डोळा आणि तो जागचा हलत नाही. विक म्युनिझ या कलाकाराने १९९६ मध्ये काळ्या कागदावर साखर पसरून मुलांचे चेहरे केले आणि त्यांचे फोटो काढले, साखर गेली, फोटो राहिला, तो फोटो हीच कलाकृती. त्याच्या डोक्यात शेवटचा फोटोच होता, टेबलावरची साखर ही पायरी होती. तुम्हीही फोन पुस्तकांच्या चळतीत अडकवा, स्टँड असेल तर उत्तमच, आणि प्रत्येक वेळी वस्तू हलवली की स्क्रीनवर बघा, टेबलावर नाही. सुईएवढं सरकवलं तरी फरक दिसतो. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकत असतील तर एक तर त्यांना वेगळं करा नाही तर ठळकपणे एकमेकींवर चढवा, टेकलेल्या कडा डोळ्याला टोचतात. या एका सवयीने माझं काम जेवढं बदललं तेवढं कुठल्याच लेन्सने बदललं नाही.

एडिटिंगवर फार लिहीत नाही. रंग जरा नीट करा, काळं काळं होऊ द्या, कडेचा कचरा कापा. फिल्टर लावून सामान कलात्मक होत नाही, फक्त फिल्टर लावलेलं सामान होतं.

आता कॅमेरा. तुमचा फोन १२ मेगापिक्सेलचा असेल तर फोटो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) तेरा बाय दहा इंचाचा प्रिंट अगदी स्वच्छ निघतो, आणि २०० ने वीस बाय पंधरा, जो भिंतीवर दोन पावलांवरून बघायला पुरतो. हे टू-एक्स न वापरता आणि भरपूर उजेडात काढलेल्या फोटोचं गणित आहे, अंधारात फोन बारकावे खातो. तर ज्या दिवशी तुमच्याकडे असे दहा-बारा फोटो असतील जे तुम्हाला यापेक्षा मोठे करायचेत, किंवा मुंगीएवढ्या वस्तूच्या आणखी जवळ जायचंय आणि फोन जाऊ देत नाहीये, त्या दिवशी कॅमेऱ्याचा विचार करा, तेव्हा तुम्हाला कुठली लेन्स हवी हेही आपोआप माहीत असेल. आज घ्यायचाच असेल तर फोन धरणारा एक साधा स्टँड घ्या, आणि एक काळा पुठ्ठा.

तुम्ही जे तीन फोटो पाठवलेत त्यातला गाळणीचा परत एकदा बघा. उजव्या कोपऱ्यात, टेबलाच्या कडेला, गाळणीची एक पुसट सावली आलीय आणि तिच्या आत जाळीचे दोन-तीन चौकोन दिसतायत. ट्यूब चालू असतानाही ती दिसतेय म्हणजे तिथे खिडकीचा चांगला उजेड येतो. तो फोटो किती वाजता काढला होता ते आठवा, उद्या त्याच वेळी ट्यूब बंद करून, गाळणी फ्रेमच्या बाहेर धरून, फक्त ती सावली काढा. आणि जमलं नाही तर परवा त्याच वेळी परत. मला पाठवा, मी बघते.